काल रात्री या घरात कोण कोण झोपलं

१

रक्तवाले आमच्या टेकडीवर पहिल्यांदा आले तेव्हा माझे दात सगळे शाबूत होते. त्यांचं खरं नाव मोठं आहे, गाडीच्या दारावर लिहिलेलं असतं, पण टेकडीवर ते कोणी घेत नाही. गाडी दिसली की बायका एकमेकींना सांगतात, रक्तवाले आले, पोटभर खाऊन घ्या. ते चर्चच्या पडवीत टेबल मांडतात, वजन करतात, दंडाला पट्टा आवळून सुई टोचतात आणि जाताना साबणाची वडी देतात.

त्याआधी त्यांचा एक माणूस घरोघर जातो. अंगणात बसतो आणि विचारतो, "काल रात्री या घरात कोण कोण झोपलं?"

या घरात कोण राहतं, असं ते विचारत नाहीत. तसं विचारलं तर लोक कंपालात गेलेल्या मुलाचं नाव सांगतात, रागावून माहेरी गेलेल्या बायकोचंही सांगतात. झोपलेला माणूस मात्र एका वेळी एकाच घरात असतो.

पहिल्या वर्षी माझं उत्तर लांबलचक होतं. माझी बायको नालुबेगा होती, आई होती, पोरं होती, पावसाने अडकलेला एक मासेविक्याही होता. विचारणारा दमून गेला होता. मग दर वर्षी उत्तर आखूड होत गेलं. आई गेली. पोरं एकेक करून शहरात गेली. शेवटी नालुबेगा.

तिच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. मोठ्या दवाखान्यात रक्त पातळ करायची गोळी दिली. तीच गोळी तेवढीच सगळ्यांना देत. ज्यांच्यावर ती आधी पारखली होती, ती माणसं दूरच्या देशांतली होती. नालुबेगाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग अंगावर निळे डाग उठले. एके दिवशी भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता ती भिंतीला टेकली ती टेकलीच. तिच्या रक्ताला काय मानवतं, हे कोणी तिच्या रक्ताला विचारलंच नव्हतं.

रक्तवाले तेच विचारायला आले होते. अख्ख्या टेकडीचं रक्त, टेकडीवरचे आजार, कोण कोणाच्या पोटचा, सगळं एकत्र ठेवायचं, म्हणजे पुढे प्रत्येकाला त्याच्या रक्ताला मानवेल तेवढंच औषध देता येईल. हे मला कळलं तेव्हापासून मी एकदाही सुईला नाही म्हटलं नाही.

आणि दुसरं असं की सुईच्या आधी नर्स मनगट धरते. बाकीचं वर्षभर माझं मनगट कोण धरणार?

"काल रात्री या घरात कोण कोण झोपलं?"

"मी एकटा."

बरीच वर्षं माझं हेच उत्तर होतं.

२

रक्तवाल्यांची लान्येरो गेल्या वर्षी आली. उत्तरेकडची, अचोली मुलगी, उंच आणि सडसडीत. आमची भाषा ती कंपालाच्या शाळेत शिकली होती. शब्द बरोबर असायचे, पण एकेक शब्द इस्त्री करून आणल्यासारखा. टेकडीवरच्या बायका मागून तिची नक्कल करायच्या, तेव्हा ती वळून त्यांनाच विचारायची, मग कसं म्हणायचं, सांगा ना. त्यामुळे ती सगळ्यांना आवडली.

तिने नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. मग तिने भावंडांचं विचारलं, कारण आता त्यांना रक्त कुठून कुठे गेलं तेही हवं होतं. आजोबांना आमच्याकडे जज्जा म्हणतात, तीही मला तसंच म्हणायची.

"जज्जा, तुमचं नाव काटो. म्हणजे जुळ्यांतला धाकटा. मग वास्वा कुठे आहे?"

आमच्याकडे जुळं असणं लपत नाही, नावातच असतं. थोरला मुलगा वास्वा, धाकटा काटो. मी म्हणालो, "तो उडून गेला."

जुळ्यांतलं कोणी गेलं तर आमच्याकडे दुसरा शब्द वापरत नाहीत. इतर माणसं मरतात, जुळं उडतं. तो साधा शब्द मागे राहिलेल्याच्या देखत काढायचा नाही, आणि मागे राहिलेल्याने तर कधीच काढायचा नाही. का, ते कोणी सांगत नाही. आई एवढंच म्हणायची की तसं म्हणणं म्हणजे हाक मारणं.

"कुठे?" लान्येरोने विचारलं.

मला नवल वाटलं. इतक्या वर्षांत, कुठे, असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी केळीच्या बागेकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"लांब," मी म्हणालो.

"केव्हा?"

"लहानपणीच."

"एकटाच? बिचारा. तिकडे कोणी नातेवाईक असतील ना?"

"असतील," मी म्हणालो. आजोबा तिकडेच होते.

संध्याकाळी माझी बहीण किझ्झा आली. जुळ्यांच्या पाठीवर जन्मते ती किझ्झा. तिला सगळं जग आपल्यानंतर आलेलं वाटतं, म्हणून ती सगळ्यांना रागावते. त्या दिवशी मात्र ती भिंत धरून हसत होती. म्हणाली, त्या पोरीने वास्वाला विमानात बसवलंय. विहिरीवर तिला विचारत होती, तुमचे भाऊ लंडनला गेले की कॅनडाला.

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? तो शब्द मी काढू? तुला जिवंत ठेवायचं आहे मला. म्हटलं, लंडन."

"अगं, त्याच्याकडे चड्डीसुद्धा नव्हती."

"म्हणूनच म्हटलं, तिकडे थंडी असते, काहीतरी दिली असेल."

उद्या जाऊन लान्येरोला सांगतो, असं मी म्हणालो आणि गेलो नाही. त्या रात्री पडल्या पडल्या मी त्याला लंडनमध्ये पाहिलं. अंगात जाड कोट, डोक्यावर टोपी, हातात काठी. वास्वा सात वर्षांचाही झाला नव्हता. पहिल्यांदाच कुठेतरी तो माझ्याएवढा म्हातारा झाला होता.

३

पुढे माझाही पाय सुजला. दम लागायला लागला. मला नालुबेगाची आठवण झाली आणि मी घाबरलो, पण रक्तवाल्यांचे डॉक्टर टुमवेसिग्ये म्हणाले, जज्जा, आता तसं नाही. तुमचं रक्त आमच्याकडे आहे, तुमच्या टेकडीचं आहे. गोळी तुमच्या अंगाच्या मापाची मिळेल, शिंप्याने शिवल्यासारखी. मग माझ्या नावाचं पाकीट आलं. गोळी अगदी एवढीशी होती, मुंगीने उचलून न्यावी अशी. सूज उतरली. मी पुन्हा कुदळ हातात घेतली.

दुसऱ्यांदा गोळ्या घ्यायला गेलो तेव्हा लान्येरोने माझ्या हातात दोन पाकिटं ठेवली.

"हे तुमच्या भावाचं. घरी द्याल ना? परवा त्यांना घाई होती."

"कोणाला?"

"वास्वांना. आलेत हे मला कळवायचं तरी. त्यांनी येऊन नाव सांगितलं तेव्हा मी तुम्हालाच समजले होते."

मी बाकावर बसलो. ती आनंदाने सांगत होती. ते खुर्चीवर बसले नाहीत, तुम्ही बसता तिथेच बसले. तुमच्यासारखंच हळू बोलतात. तुम्ही उजवा हात देता, त्यांनी डावा दिला. विमानाचा प्रवास कसा झाला, असं विचारलं तर केवढे हसले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. त्यांच्याही रक्तात गाठी धरण्याचं लक्षण निघालं, आणि माप तेच. जुळ्यांचं रक्त एकच असतं, यंत्राला दोघांत फरक करता येत नाही.

मी विचारलं, अजून काही म्हणाला का.

"एकच विचारलं त्यांनी. काटोच्या घरी अजून एकच कप आहे का."

माझ्याकडे निळ्या रंगाचा एक कप आहे, कडेचा टवका उडालेला. पोरं नाताळला नवे आणतात ते मी किझ्झाला देऊन टाकतो. दुसरा कप फळीवर रिकामा बघवत नाही. हे मी कोणाशी कधी बोललो नव्हतो.

घरी येईपर्यंत मी मनाची समजूत घातली. मीच परवा गेलो असेन. म्हातारपणी माणूस जेवल्याचं विसरतो, तसं सुईचंही विसरेल. मी बाही वर केली. उजव्या कोपराच्या खोबणीत सुईची जुनी खूण होती. डाव्या हाताला काही नव्हतं.

भावाचं पाकीट मी आतल्या खोलीत खिडकीच्या कडेवर ठेवलं. टाकून देण्याचं धैर्य झालं नाही, औषध होतं ते.

४

माझ्या घराला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी झोपतो. आतली पूर्वी पोरांची होती. आता तिथे कॉफीच्या बियांची पोती असतात, आईची वेताची छोटी टोपली खुंटीला असते, आणि कोपऱ्यात गुंडाळलेली एक चटई.

सकाळी मी चहा ठेवतो, कपात ओततो आणि गोळी काढतो. चंदेरी कागदातून गोळी बाहेर येताना टक् असा आवाज होतो. शांत घरात तो मोठा वाटतो.

दोन्ही पाकिटं घरी आणल्यानंतरच्या एका सकाळी मी गोळी काढली. टक्. मी ती जिभेवर ठेवली, घोट घेतला. आणि आत टक् झालं.

मी कप खाली ठेवला. पत्र्याचं छप्पर ऊन लागलं की वाजतं. मी छपराकडे पाहत बसलो. ऊन अजून आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशीर केला. चहा निवू दिला. आतून काही नाही. मी गोळी काढली, टक्, आणि लगेच आत टक्, माझीच वाट पाहत असल्यासारखं. जेवायला बसताना आपण दुसऱ्याच्या पहिल्या घासासाठी थांबतो ना, तसं.

आत जाऊन पाहिलं. खिडकीच्या कडेवर पाकीट होतं तसंच होतं. कागद फुटलेला होता, गोळ्या कमी झाल्या होत्या. चटई उलगडलेली होती.

माझ्या मनात लगेच आलं की मीच घेतोय. एक बाहेर बसून, एक आत जाऊन, आणि दुसरी विसरतोय. मग भीती वाटली ती भुताची नाही, नालुबेगाची. दुप्पट गोळी म्हणजे तेच हिरड्यांचं रक्त, तेच निळे डाग. मी आरशात तोंड उघडून पाहिलं. पोटऱ्या पाहिल्या, पाठीवर हात फिरवला. हिरड्या स्वच्छ होत्या. अंगावर डाग नव्हता.

डाग शोधताना दुसरंच लक्षात आलं. माझ्या डाव्या पायावर, घोट्याच्या वर, कुदळीचा मोठा व्रण आहे. लग्नाच्या आदल्या वर्षीचा. तो मला सापडेना. मी पाय उन्हात धरला, थुंकी लावून चोळला. कातडी सुरकुतलेली होती, पण सलग.

तरी एक सांगतो, आणि हे किझ्झाला सांगितलं नाही. त्या दिवसांत मला चहा गोड लागायला लागला होता. साखर तेवढीच होती.

५

मी चर्चपाशी गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, मला वाटतं दोन्ही पाकिटं मीच खातोय. त्यांनी लगेच रक्त घेतलं. थोड्या वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, नाही जज्जा, तुमचं रक्त जेवढं पातळ हवं तेवढंच आहे. तुम्ही एकच खाता. भावाची भावाला मिळते आहे, काळजी नको.

मग ते माझ्याजवळ बाकावर बसले. डॉक्टर तरुण आहेत, पश्चिमेकडचे, गाईगुरांच्या मुलखातले. काही नवं सापडलं की त्यांना कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

"तुमचे भाऊ थंड देशात वाढले, हे त्यांच्या रक्तावरूनही दिसतं."

मी म्हणालो, रक्त एकच आहे म्हणालात ना.

"जन्माला आलं ते एकच. पण पुढे जो जो आजार येऊन जातो, तो रक्तात खूण ठेवून जातो. रक्त विसरत नाही. तुमच्यात सगळं आहे, हिवताप तर किती वेळचा. त्यांच्या रक्तात एकच खूण आहे, गोवराची, लहानपणची. त्यानंतर काहीच नाही. साधा खोकलासुद्धा नाही. म्हाताऱ्या माणसाचं इतकं कोरं रक्त मी पाहिलेलं नाही."

गोवर आम्हा दोघांना एकदमच झाला होता. आईने एका चटईवर निजवलं होतं, झाडाची साल कुटून केलेल्या कापडाचं एकच पांघरूण. ताप उतरावा म्हणून तो गार भिंतीकडे सरकायचा आणि मी त्याच्या मागे सरकायचो, कारण त्याच्या पाठीला पाठ लावल्याशिवाय मला झोप येत नसे. सकाळी मी एकटा जागा झालो. त्याला केळीच्या बागेत, ज्याच्या सालीचं ते कापड होतं त्या झाडाखाली ठेवलं. किझ्झा तेव्हा आईच्या पाठीवर होती.

"लंडनला हिवताप नसतो," मी म्हणालो.

"तेच ना," डॉक्टर म्हणाले आणि खूश होऊन उठले.

उतारावरून येताना चहाच्या टपरीवरच्या बाईला मी हात केला. ती माझ्या दिशेने बघत होती, पण तिने हात केला नाही. उन्हात डोळे दिपले असतील.

६

पुढच्या खेपेला डॉक्टर खूश नव्हते. बाटल्यांची अदलाबदल झाली, असं म्हणाले. या वेळी माझं रक्त कोरं निघालं होतं आणि सगळे हिवताप वास्वाच्या रक्तात गेले होते. त्यांनी माझं रक्त पुन्हा घेतलं, स्वतः, माझ्यासमोर बाटलीवर नाव घातलं. तरी तेच आलं.

ते माझ्यावर रागावले नाहीत. माझा हात धरून त्यांनी समजावलं. दोन माणसं आहेत की एकच माणूस दोनदा येतोय, हे ठरवायला हवं. एका माणसाला दोन धरलं, किंवा दोघांना एक धरलं, तर टेकडीचं सगळं गणित बिघडतं, आणि त्या गणितावरून पुढे कोणाला तरी त्याला न मानवणारी गोळी दिली जाईल.

"माझ्या बायकोसारखी," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, लान्येरो घरी येईल आणि नेहमीचा प्रश्न विचारेल. एकटे असाल तर वास्वांचं नाव वगळू आणि त्यांचं पाकीट बंद करू. दोघं असाल तर दोघांना शेजारी बसवून तपासू. तुम्ही फक्त खरं सांगा.

मी किझ्झाला सगळं सांगितलं. ती या वेळी हसली नाही. कितीतरी वेळ शेंगा सोलत बसली. मग म्हणाली, तू एकटा आहेस असं सांग. आणि तो शब्दही काढ. उडाला-बिडाला नको, साधा शब्द, मोठ्याने, दारात उभं राहून. त्याला ऐकू जाईल असा.

"तूच म्हणायचीस, तो शब्द काढला की मागे राहिलेला जातो."

"आता न काढताही जातोच आहेस. अंगाकडे बघ तुझ्या. दारातून आलास तर मला वाटलं पडदा हलला."

"तो काही वाईट करत नाही, किझ्झा. औषध खातो. चटईवर झोपतो."

"कशाला आलाय मग?"

मी म्हणालो, मला एकट्याला चहा प्यायला लागतो ना, म्हणून. किझ्झाने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. माझ्यापेक्षा धाकटी असून तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला, गार लागल्यासारखा.

"मी तुला कप आणून देते, दहा देते. माणसं आणते. माझ्याकडे राहायला चल. पण त्या पोरीला सांग, मी एकटा. वचन दे."

मी वचन दिलं.

घरी येऊन मी आईची टोपली खुंटीवरून काढली. आत सालीच्या कापडात गुंडाळलेल्या आमच्या नाळा आहेत. आमच्याकडे बाळाची वाळलेली नाळ जपतात, आणि कुळातली मोठी माणसं जमली की ती पाण्यात सोडतात. तरंगली तर मूल आपल्या कुळाचं. रक्तवाल्यांच्या यंत्राच्या आधीचं आमचं यंत्र तेच. आमच्या दोन्ही तरंगल्या होत्या, एकमेकींना चिकटून. पण कोणती कोणाची, हे पाण्याला सांगता आलं नाही. म्हणून आईने वास्वाच्या नाळेला दोऱ्याने एक लाल मणी बांधला होता.

मी कापड उलगडलं. दोन्ही नाळा होत्या. दोरा कुजून गेला होता आणि मणी सुटून टोपलीच्या तळाशी पडला होता. मी तो हातात घेऊन बसलो. कधी एका नाळेजवळ धरला, कधी दुसऱ्या. सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं.

७

लान्येरो यायची होती त्या सकाळी मी लवकर उठलो. अंगण झाडलं, बाक पुसला. किझ्झाने पाठवलेला पांढरा कप धुतला. चहा ठेवला. मग दारात उभं राहून तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. साधा शब्द आहे, सगळं जग वापरतं.

आत कूस बदलल्याचा आवाज झाला, आणि एक खोकला. म्हाताऱ्या माणसाचा, सकाळचा, घसा साफ करायचा. ज्या रक्ताला कधी खोकला झाला नव्हता, त्याचा.

मी गोळी काढली. टक्. आत टक्.

मग मी पांढऱ्या कपातही चहा ओतला. दोन कप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींतून वाफ येत होती, आणि वर जाऊन ती एक होत होती. नालुबेगा गेल्यापासून माझ्या घरात दोन कपांची वाफ नव्हती. मला एकदम कळलं की ती पोरगी काय विचारणार आहे. कोण राहतं, कोण जिवंत आहे, हे ती विचारणारच नव्हती. काल रात्री कोण झोपलं, एवढंच. आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं. डॉक्टर म्हणाले होते, खरं सांगा. किझ्झाला काय सांगायचं ते मी नंतर पाहिलं असतं.

दोघं. मी मनात म्हणून पाहिलं. तो शब्द त्या दुसऱ्यापेक्षा कितीतरी सोपा होता.

लान्येरो उतारावरून आली. मी बाकावरूनच हात वर केला. ती थेट अंगणात आली, बाकाशी थांबली, आणि मी सरकायच्या आतच बसली. मी दचकून उठलो आणि खांबापाशी उभा राहिलो. दमली असेल, मला वाटलं. तिने रुमालाने मान पुसली आणि दाराकडे तोंड करून हाक दिली. घरात आहात का, जज्जा?

"इथेच आहे," मी म्हणालो.

ती दाराकडेच पाहत राहिली.

"ये, पोरी," आतून आवाज आला. सावकाश, एकेक शब्द ठेवत. माझाच आवाज, पण बाहेरून ऐकला की आपला आवाज किती म्हातारा वाटतो. "मी वास्वा. पाय धरलाय, उठवत नाही. तिथूनच विचार."

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. चटईचा कोपरा दिसत होता आणि त्यावर एक पाऊल, डावं. घोट्याच्या वर कुदळीचा मोठा व्रण होता.

"फार वेळ घेत नाही," लान्येरो म्हणाली. "काल रात्री या घरात कोण कोण झोपलं?"

दोघं, मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. खांबावरची पाल हललीसुद्धा नाही.

"मी एकटा," आतून आवाज आला.

"आणि तुमचा भाऊ? काटो?"

आत चटईवर कूस बदलल्याचा आवाज झाला. तेवढ्या वेळात त्याला दुसरं काही म्हणता आलं असतं. मी वाट पाहिली. लहानपणी तो माझ्याआधी कधी जेवला नव्हता.

"तो उडून गेला," तो म्हणाला.

लान्येरोच्या कपाळाला आठी पडली, काहीतरी जुळवून पाहिल्यासारखी. मग ती आठी गेली. आता ती वर्षभर आमच्यात राहिली होती, कोणीतरी तिला त्या बोलण्याचा अर्थ सांगितला असणार. या वेळी तिने, कुठे, असं विचारलं नाही. ती बाकावरून उतरली, आमच्या बायका करतात तसे तिने गुडघे टेकले, आणि दाराकडे पाहून हळू आवाजात त्याचं सांत्वन केलं.

मग तिला टेबलावरचे दोन कप दिसले. ती बाहेरच्या खोलीत शिरली आणि निळा कप उचलून तिने आतल्या दाराच्या फटीतून दिला. एक हात पुढे आला आणि त्याने तो घेतला.

पांढरा कप घेऊन ती बाहेर आली, तिने इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यातला चहा अंगणात, माझ्या पायांवर ओतून टाकला. गरम असायला हवा होता.